वनस्पतींच्या तंतुकणिकांमधल्या पोटॅशियम वाहिन्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेशीशास्त्र शिकवताना हा विषय निघाला की ठरावीक प्रश्न हमखास येतात. काही विद्यार्थ्यांचे, काही शिक्षकांचे, आणि पालाशाच्या, म्हणजे पोटॅशियम खताच्या, गोणीवरून सुरू झालेले एक-दोन शेतकऱ्यांचेही. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही लांबली आहेत, कारण गंमत तिथेच आहे.

झाडांना हरितलवकं असताना तंतुकणिका कशाला लागतात?

तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, फक्त प्राण्यांत असतात असा समज बारावीनंतरही टिकून असतो. हरितलवक साखर बनवतं, पण ती साखर जाळून पेशीच्या कामाचं एटीपी, म्हणजे ऊर्जा साठवणारा रेणू, काढायचं तर तंतुकणिकाच हवी. मुळं अंधारात असतात, बी रुजतं तेव्हा पान नसतं आणि रात्र रोजच होते. झाड चोवीस तास श्वसन करतं.

आयन वाहिनी आणि पंप यांत फरक काय?

पंप ऊर्जा खर्चून आयनाला चढावर ढकलतो. वाहिनी म्हणजे पटलातलं, म्हणजे पेशीच्या किंवा तिच्या भागांच्या पातळ आवरणातलं, प्रथिनाचं भोक, त्याला बहुधा दार असतं. दार उघडलं की आयन उताराकडे आपणहून वाहतात. म्हणून वाहिनीचा वेग अफाट असतो. वेगवान पोटॅशियम वाहिनीतून सेकंदाला १० कोटीपर्यंत आयन जाऊ शकतात. पंपाला हे जमत नाही.

सोडियम लहान असूनही पोटॅशियमच्या वाहिनीतून का जात नाही?

आयन पाण्यात एकटा नसतो, पाण्याचे रेणू त्याला बिलगलेले असतात. भोकात शिरायचं तर हे पाणी सोडावं लागतं आणि त्याला ऊर्जा लागते. पोटॅशियम वाहिनीच्या सर्वांत अरुंद भागात ऑक्सिजनचे अणू अशा अंतरावर मांडलेले असतात की पोटॅशियमला वाटेत पाण्याइतकाच आधार मिळतो. पोटॅशियमची त्रिज्या सुमारे १.३३ अँगस्ट्रॉम, सोडियमची ०.९५. सोडियम त्या ऑक्सिजनांपर्यंत नीट पोचतच नाही, त्यामुळे त्याला पाणी सोडणं परवडत नाही. रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ मध्ये एका जिवाणूच्या वाहिनीची रचना क्ष-किरणांनी उलगडून हे दाखवलं आणि २००३ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

तंतुकणिकेत पोटॅशियम शिरलं तर बिघडतं काय?

इथे थोडं गणित करू.

तंतुकणिकेला दोन पटलं असतात. आतल्या पटलावरची श्वसनसाखळी, म्हणजे अन्नातले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनपर्यंत पोचवणारी प्रथिनांची रांग, प्रोटॉन बाहेर फेकत राहते, त्यामुळे आतली बाजू ऋणभारित होते. दोन बाजूंमधला हा विद्युतदाबाचा फरक, म्हणजे विभव, साधारण १८० मिलिव्होल्ट असतो. आकडा किरकोळ वाटतो, पण पटलाची जाडी जेमतेम ७ नॅनोमीटर आहे. मीटरच्या हिशेबात हे अडीच कोटी व्होल्ट झाले. हवेत ठिणगी पडायला मीटरमागे ३० लाख पुरतात.

पोटॅशियम धनभारित, आत ऋणभार, म्हणजे ओढ आतल्या दिशेने. दर ५९-६० मिलिव्होल्टला आतलं प्रमाण दहापट, या हिशेबाने १८० ला हजारपट. बाहेर पेशीद्रवात पोटॅशियम लिटरमागे साधारण ०.१ मोल असतं. वाहिनी उघडी ठेवून समतोलाची वाट पाहिली तर आत १०० मोल व्हायला हवं. हे अशक्य आहे. घन पोटॅशियम क्लोराइडच्या खड्यातसुद्धा लिटरमागे जेमतेम २७ मोल पोटॅशियम असतं.

मग प्रत्यक्षात काय होईल? पोटॅशियमच्या मागोमाग पाणी आत येईल, तंतुकणिका फुगेल आणि शेवटी बाहेरचं पटल फाटेल. पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये रसायन-परासरणाचा सिद्धांत मांडला तेव्हा ही अडचण त्यांच्या लक्षात होती. आत झिरपलेले धनायन प्रोटॉनच्या बदल्यात बाहेर काढणारी अदलाबदलीची व्यवस्था पटलात असली पाहिजे, असं त्यांनी म्हटलं होतं. ती आहे. पोटॅशियम बाहेर, प्रोटॉन आत.

वाहिनी आणि ही अदलाबदल एकत्र पाहा. पोटॅशियम वाहिनीतून आत आलं, अदलाबदलीतून बाहेर गेलं आणि त्याच्या बदल्यात एक प्रोटॉन आत आला. पोटॅशियम होतं तिथेच राहिलं. प्रोटॉन मात्र एटीपी न बनवता परतला.

म्हणजे ही ऊर्जेची गळतीच झाली. झाड स्वतःहून गळती कशाला ठेवेल?

कोयनेचं धरण डोळ्यांसमोर आणा. बाहेर साठलेले प्रोटॉन म्हणजे जलाशय आणि एटीपी सिंथेज हे प्रथिन म्हणजे जनित्र. पाणी जनित्रातून उतरलं तर वीज मिळते. पण धरण काठोकाठ भरलंय, वीज कुणी मागत नाही आणि वरून येवा चालूच आहे, अशा वेळी काय करतात? सांडव्याची दारं उघडतात. पाणी वीज न करता जातं, आणि त्या दिवशी तेच शहाणपण असतं.

तंतुकणिकेतला पूर कसला? पाण्याचा ताण पडला की वाढ थांबते, एटीपीची मागणी उतरते आणि विभव चढतो. श्वसनसाखळीतले इलेक्ट्रॉन पुढे सरकेनासे होतात, वाटेत तुंबतात आणि तिथून निसटून थेट ऑक्सिजनला चिकटतात. त्यातून सुपरऑक्साइड बनतं, आणि पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड व इतर उपद्रवी रूपं. ती मेद, प्रथिनं, डीएनए, सगळ्यांना डागतात. विभव थोडा जरी उतरवला तरी हे उत्पादन बरंच घटतं. पोटॅशियमचा फेरा म्हणजे हा सांडवा.

उपमा एका ठिकाणी लंगडी पडते. धरणाचा सांडवा माणूस उघडतो. इथे पूरच दार उघडतो: सुपरऑक्साइड वाढलं की गव्हातली ही वाहिनी अधिक चालते.

वनस्पतींमध्ये ही वाहिनी पहिल्यांदा कुणी दाखवली?

प्राण्यांमध्ये आधी सापडली. १९८३ मध्ये अकिनोरी नोमा यांनी हृदयाच्या पेशींच्या बाह्यपटलावर एटीपीने बंद होणारी पोटॅशियम वाहिनी पाहिली. १९९१ मध्ये जपानी संशोधकांनी उंदराच्या यकृतातल्या तंतुकणिकांच्या आतल्या पटलावर तशीच वाहिनी दाखवली. वनस्पतींचं दार १९९९ मध्ये इटलीत उघडलं. डोनाटो पास्तोरे, साल्वातोरे पासारेल्ला आणि सहकाऱ्यांनी ड्युरम गव्हाच्या रोपांतल्या तंतुकणिकांत एटीपीने रोखली जाणारी पोटॅशियम वाहिनी असल्याचा पुरावा छापला. पुढची बरीच वर्षं हे काम प्रामुख्याने दक्षिण इटलीत, फोजाच्या परिसरात चाललं. २००१ मध्ये उत्तर इटलीतल्या उदिने इथल्या गटाने वाटाण्याच्या खोडातल्या तंतुकणिकांत पोटॅशियमची निवड करणारी वाहिनी नोंदवली.

पण गहूच का? आणि तोही ड्युरम?

फोजा हे पुलिया प्रांतातलं ड्युरमचं कोठार. पास्ता याच गव्हाचा. भूमध्यसागरी हवामानात दाणे भरायच्या वेळीच पाऊस आटतो, त्यामुळे तिथल्या गव्हाला कोरडेपणाशी झुंजावंच लागतं. प्रयोगशाळेच्या दाराशीच असं पीक असल्यावर दुसरं कशाला शोधायचं?

आपल्याकडेही ड्युरम नवा नाही. बन्सी गहू तो हाच, रव्याचा आणि शेवयांचा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने काढलेला एमएसीएस ४०२८ हा कोरडवाहू वाणही ड्युरमच आहे. खपलीला मात्र ड्युरम समजू नका, ती वेगळी जात. दोघांचीही गुणसूत्रं २८ आणि पोळीच्या साध्या गव्हाची ४२, म्हणून घोटाळा होतो.

एटीपीने ही वाहिनी बंद होते म्हणता. पेशीत तर एटीपी भरपूर असतं. मग ती उघडते कधी?

सर्वांत चांगला प्रश्न, आणि बहुतेक पाठ्यपुस्तकं तो टाळतात.

वाहिनीच्या दारावर एकटं एटीपी नसतं, ओढाताण असते. बंद करणारं एटीपी एका बाजूला, उघडणारे दुसऱ्या बाजूला. उघडणाऱ्यांत सुपरऑक्साइड आलंच. शिवाय २०११ मध्ये फोजाच्या गटाने दाखवलं की सुटी मेदाम्लं आणि त्यांची कोएन्झाइम ए ला जोडलेली रूपंही ही वाहिनी उघडतात. ताणाखाली पटलांतल्या मेदाचं विघटन होऊन अशी आम्लं सुटी होतात. म्हणजे संकटाची खूणच किल्लीचं काम करते. एरवी एटीपीचं पारडं जड, ताण पडला की दुसरं जड. रोपांना मॅनिटॉल (मुळांना पाणी ओढू न देणारा साखरेसारखा पदार्थ) किंवा मिठाचा ताण देऊन पाहिलं तेव्हा त्यांच्या तंतुकणिकांत या वाहिनीचं काम वाढलेलं आढळलं.

सांडवा उघडल्यावर एटीपी बनणं थांबत नाही का?

थांबायला हवं, असंच कुणीही म्हणेल. विभव उतरला तर जनित्राला दाब कुठून मिळणार? शिवाय एडीपी (एटीपीचा कच्चा माल) आत आणि एटीपी बाहेर नेणारे वाहकही याच विभवावर चालतात.

ड्युरम गव्हात तसं घडलं नाही. पोटॅशियमने विभव चांगलाच पाडल्यावरही एडीपी-एटीपीची देवाणघेवाण चालू राहिली, फॉस्फेट आणि सक्सिनेटही आत येत राहिले. संशोधकांचं स्पष्टीकरण असं: आतल्या पटलावर ऋणायनांची एक वाहिनी आहे. विभव चढलेला असताना ती मिटलेली असते, उतरला की उघडते, आणि सामानाची ने-आण तिच्यातून होत असावी. मला हे स्पष्टीकरण पटण्याजोगं वाटतं, पण याच कामातून एक अवघड गोष्टही निघाली. पोटॅशियमची वाहिनी अमोनियमलाही वाट देत असेल, तर अमोनियम क्षारांत तंतुकणिका फुगवून वाहकांबद्दल काढलेले जुने, पाठ झालेले निष्कर्ष पुन्हा तपासावे लागतील.

बटाट्यातली वाहिनी हीच का?

नाही. पोलंडच्या संशोधकांनी बटाट्याच्या कंदात वेगळ्या घराण्यातली वाहिनी नोंदवली. ती कॅल्शियमने उघडते आणि तिची वाहकता मोठी आहे. प्राण्यांत अशा वाहिन्या चांगल्या माहीत आहेत, आणि त्यांना ओळखायचं ठरलेलं हत्यार म्हणजे आयबेरिओटॉक्सिन. हे ३७ अमिनो आम्लांचं विष वाहिनीच्या तोंडाला बुचासारखं बसतं. बटाट्यातल्या वाहिनीवरही ते वापरलं गेलं.

हे विष येतं कुठून? लाल विंचवातून, त्याचं शास्त्रीय नाव हॉटेन्टोटा टॅम्युलस. कोकणात पावसाळ्याच्या तोंडावर ज्याच्या भीतीने लोक चप्पल झटकून पायात घालतात, तोच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी याच विंचवाच्या दंशावर प्राझोसिनचा उपचार रुजवून असंख्य जीव वाचवले. माणसाचा जीव घेतात ती या विंचवाची दुसरी विषं, मुख्यतः सोडियम वाहिन्यांवर चालणारी. पण त्याच नांगीतला एक रेणू बटाट्याच्या तंतुकणिकेत काय आहे ते सांगायला उपयोगी पडतो, हे मला दर वेळी नव्याने नवल वाटतं.

भोक डोळ्यांना दिसत नाही. मग मोजतात कसं?

तीन वाटा आहेत. पण आधी तंतुकणिका वेगळ्या काढाव्या लागतात, आणि निम्मी मेहनत तिथेच जाते.

गहू अंधारात रुजवतात. घटस्थापनेच्या घटाभोवती सावलीत उगवलेलं पिवळट धान आठवा, अगदी तसं. हरितलवकं तयार होऊ द्यायची नसतात, नाहीतर ती तंतुकणिकांत मिसळतात. रोपं बर्फावर, मॅनिटॉल किंवा साखरेच्या द्रावणात वाटायची, गाळायची, मग अपकेंद्रित्रात आधी हळू फिरवून स्टार्च आणि केंद्रकं खाली बसवायची आणि वरचं द्रव जोरात फिरवून तंतुकणिका खाली आणायच्या. द्रावणात गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन घालतात, कारण वाटताना सुटलेली मेदाम्लं ते शोषून घेतं. ते विसरलं तर वाहिनी आधीच उघडलेली असते आणि दिवस वाया जातो. माझे असे दोन दिवस गेले आहेत.

पहिली वाट फुगण्याची. तंतुकणिका पोटॅशियमच्या द्रावणात सोडल्या की आत येणाऱ्या क्षारामागे पाणी येतं, त्या फुगतात आणि प्रकाश कमी विखुरतात. गढूळ द्रावण निवळत जातं. वर्णपटमापीत ५४० नॅनोमीटरला ही घसरण वेळेनुसार नोंदवायची. मग एटीपी टाकून ती मंदावते का ते पाहायचं.

दुसरी वाट विभवाची. सॅफ्रॅनिन हा रंग धनभारित असल्याने चार्ज झालेल्या तंतुकणिकांत ओढला जातो आणि त्याचं शोषण बदलतं. आता पोटॅशियम टाकलं आणि रंग परत आला, तर विभव पडला. तुलनेसाठी व्हॅलिनोमायसिन असतं. ते पोटॅशियमला पटलापार नेतंच नेतं, त्यामुळे पूर्ण पडलेला विभव कसा दिसतो ते कळतं.

तिसरी वाट पॅच क्लॅम्पची. एर्विन नेहर आणि बेर्ट साकमान यांना १९९१ चं नोबेल मिळालं ते हिच्यासाठी. बाहेरचं पटल पाणी शोषवून फोडायचं, आतलं उघडं करायचं आणि त्यावर सुमारे एक मायक्रोमीटर तोंडाची काचनळी चिकटवायची. एकेक वाहिनी उघडते-मिटते तशी विद्युत्प्रवाहात पायरी दिसते. तंतुकणिकाच मुळात मायक्रोमीटरभर, त्यामुळे हे काम हाताला हलकं आणि स्वभावाने चिवट माणसाचं. इटलीतल्याच पादुआच्या गटाने २०१० मध्ये गव्हाच्या तंतुकणिकांवर ते केलं. त्यांनी वाहिनीला पोटॅशियमची न म्हणता एटीपी-संवेदी धनायन वाहिनी म्हटलं. हा फरक किरकोळ समजू नका, निवड किती काटेकोर आहे हा प्रश्न त्यातच आहे.

संशय घेणाऱ्यांचा नेहमीचा मुद्दाही रास्त असतो: नमुन्यात रिक्तिकेचं, म्हणजे पेशीतल्या साठवणीच्या पिशवीचं, किंवा लवकांचं पटल मिसळलं नव्हतं कशावरून? म्हणून शुद्धता तपासल्याशिवाय कोणताही आलेख मानू नये.

ही वाहिनी पेशीला वाचवते की मारते?

दोन्ही. उदिनेच्या गटाने सोयाबीनच्या पेशी संवर्धनात हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा नायट्रिक ऑक्साइड देऊन पेशींचा नियोजित मृत्यू घडवला आणि त्यात तंतुकणिकांच्या पोटॅशियम वाहिनीचा सहभाग दाखवला. वाहिनी उघडी राहिली, तंतुकणिका फुगली, बाहेरचं पटल फाटलं, सायटोक्रोम सी हे श्वसनसाखळीतलं प्रथिन बाहेर सांडलं. सांडव्याची दारं थोडी उचलली तर धरण वाचतं, सगळी सताड उघडली तर खालचं गाव बुडतं. मात्रा ठरवणारा कोण, यावर वाद चालू आहे.

वनस्पतींत विभव उतरवणारी दुसरी व्यवस्था नाही का?

आहेत, किमान दोन. विलग्नक प्रथिन बटाट्यात १९९५ मध्ये ब्राझीलच्या संशोधकांनी दाखवलं. ते प्रोटॉनला सरळ आत येऊ देतं. पर्यायी ऑक्सिडेज इलेक्ट्रॉनच आडवाटेने नेतं, म्हणजे धरणात येणारा येवाच कमी करतं. सुरणाच्या कुळातल्या काही फुलोऱ्यांना ऊब येते ती यामुळे. पोटॅशियम वाहिनी वेगळी ठरते ती एका कारणाने: ती विभवाबरोबर तंतुकणिकेचं आकारमानही बदलते.

हरितलवकातही पोटॅशियमची अशी ये-जा असते का?

असते. तिथे केईए ३ हे अदलाबदल करणारं प्रथिन थायलकॉइड, म्हणजे हरितलवकातल्या चकत्यांच्या, पटलावर बसतं आणि ऊन-सावलीच्या लपंडावात प्रकाशसंश्लेषण सावरायला मदत करतं.

या वाहिनीचं जनुक कुठलं?

वनस्पतींत ते अजून पक्कं ठरलेलं नाही, आणि या विषयाची दुखरी नस हीच. एवढे प्रयोग, एवढे आलेख, पण बोट ठेवावं असं जनुक हातात नाही. प्राण्यांतही ही अडचण जवळपास तीन दशकं होती. शेवटी २०१९ मध्ये पादुआच्या संशोधकांनी तिथली वाहिनी दोन प्रथिनांची मिळून बनते असं दाखवलं: एक भोक पाडणारं, दुसरं एटीपी ओळखणारं. वनस्पतीत जनुक मिळालं की ते बंद पाडून रोप कसं वागतं ते पाहता येईल. तोवर सगळा पुरावा रसायनांनी दार उघड-बंद करून मिळालेला आहे, आणि रसायनं क्वचितच एकाच दाराला हात लावतात.

मग पालाश जास्त टाकला तर पीक दुष्काळात टिकेल का?

या वाहिनीमुळे नाही. पालाशाची कमतरता असेल तर खत द्यायलाच हवं, कारण पानावरची रंध्रं उघडण्या-मिटण्यापासून साखर वाहून नेण्यापर्यंत सगळीकडे पोटॅशियम लागतं. पण पेशी आपल्या पेशीद्रवातलं प्रमाण बऱ्यापैकी स्थिर राखते. जास्तीचं रिक्तिकेत साठवते, तुटवडा पडला की तिथूनच काढते. तंतुकणिकेला बाहेर दिसणारं पोटॅशियम गोणीच्या हिशेबाने वरखाली होत नाही. माती परीक्षण करा आणि अहवालाप्रमाणे द्या.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत यातलं काही करून पाहता येईल का?

थंड राहणारं अपकेंद्रित्र आणि साधा वर्णपटमापी असेल तर फुगण्याचा प्रयोग नक्की जमतो. गहू नसेल तर मोड आलेले मूग चालतील, फक्त रुजवताना झाकून ठेवा. तंतुकणिका काढल्यापासून चार-पाच तासांत मोजणी उरका आणि सगळं बर्फावर ठेवा. फुगण्याचा वक्र आधी साध्या साखरेच्या द्रावणात काढा, तिथे तो सपाट आला पाहिजे. नाही आला तर वाटतानाच पटलं फाटली आहेत, पुढचं काही मोजू नका. व्हॅलिनोमायसिन अतिविषारी आहे. ते अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं असतं आणि कातडीतून शिरतं, म्हणून हातमोजे घालूनच बाटली उघडा आणि ते काम विद्यार्थ्यांवर सोपवू नका.